खोटी गर्दी

बुजऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात वर्षानुवर्षं एक तुच्छता होती, आणि शिस्तीच्या नावाखाली मी ती मुलांवर वापरली. मी मराठीचा मास्तर. शाळेत वक्तृत्व स्पर्धेची तयारी माझ्याकडे आणि गावात लग्न असो, सत्कार असो, पारायणाची सांगता असो, सूत्रसंचालनही माझंच. माईक हातात आला की मला घाम फुटत नाही, घशाला कोरड पडत नाही. म्हणून ज्यांना हे होतं त्यांचं काय होत असेल, हे मी कधी विचारलंच नाही. पोरगं चार माणसांत बोलत नाही म्हणजे एकतर त्याला सांगण्यासारखं काही नाही, नाहीतर घरच्यांनी लाडावून ठेवलंय, एवढंच माझं गणित होतं.

आमचा मुलूखही त्याला खतपाणी घालणारा. पलूसपासून कुंडल हाकेच्या अंतरावर. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या, जी. डी. बापू लाडांच्या सभांच्या आठवणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. नागठाणं बालगंधर्वांचं. संक्रांतीला औदुंबरला साहित्यसंमेलन भरतं. तिथं एखादी कविता म्हणायला मिळाली की माणूस वर्षभर कॉलर ताठ करून हिंडतो. अशा ठिकाणी सभाधीटपणा हा कुणाला गुण वाटतच नाही, तो अंगात असायलाच हवा असं धरून चालतात.

माझी पद्धत विहिरीतली होती. पोहायला कसं शिकवतात? काठावरून ढकलून द्यायचं, गटांगळ्या खाता खाता हातपाय आपोआप मारले जातात. तसंच भीड चेपायची तर पोराला स्टेजवर ढकलायचं. यात एक गोष्ट मी सोयीस्कर विसरलो होतो. मला ढकललं तेव्हा माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला होता आणि वडील आधीच पाण्यात उतरून उभे होते.

एका पंधरा ऑगस्टला सातवीतल्या एका मुलाला मी असंच ढकललं. भाषण त्याला तोंडपाठ होतं, वर्गात त्यानं ते मला घडाघडा म्हणून दाखवलं होतं. स्टेजवर गेल्यावर पहिलं वाक्य आलं आणि पुढं काहीच येईना. खाली न्यायचं सोडून मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक अजून जवळ सरकवला. स्पीकरवर सगळ्या मैदानाला त्याचा श्वास ऐकू गेला. पोरं हसली. मी खाली उतरून सहकाऱ्यांना म्हणालो, "आज नाही तर उद्या बोलेल, भीती मोडली पाहिजे." भीती मोडली नाही. तो मुलगा आज इथंच द्राक्षबाग करतो आणि ग्रामसभेला आला तर दाराशी, चपला काढतात तिथं उभा राहतो. एवढ्या वर्षांत हे मला दिसत होतं. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं मात्र मला कधी वाटलं नाही. आपल्या गाढवपणाला माणूस किती सहज तत्त्व म्हणून खपवतो!

मग माझ्या भाच्याची वेळ आली. बहीण भिलवडीला दिलीय. एका संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, "अण्णा, पोरगं चार माणसांत जेवायला बसंना झालंय." इंजिनिअर झालेलं पोरगं, मार्क चांगले. मुलाखतीचं पत्र आलं की आदल्या रात्री पोट बिघडायचं. केस कापायला दुपारी, दुकान रिकामं असताना जायचं. फोन वाजला की तो वाजून थांबेपर्यंत बघत बसायचं आणि मग मेसेज करायचा. ऐकून मी थक्क झालो ते एसटीच्या गोष्टीनं. त्यांच्या वस्तीचा फाटा रस्त्यात लागतो. तिथं उतरायचं तर कंडक्टरला आधी मोठ्यानं सांगावं लागतं. हा सांगायचा नाही. पुढच्या थांब्यावर उतरायचा आणि ऊस दोन्ही बाजूंनी वाढलेल्या रस्त्यानं अंधारात चालत परत यायचा.

मी काय केलं? हसलो. "अरे, 'थांबवा' म्हणायला काय पैसे पडतात का?" म्हणालो.

सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी याला सोशल अँक्झायटी डिसऑर्डर असं नाव दिलं, थोडी औषधं दिली आणि पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडं पाठवलं. तिथं काही बैठकांनंतर डोळ्यांना चष्मा लावून उपचार सुरू झाले. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. डोक्याला हेडसेट बांधायचा आणि खोट्या माणसांच्या खोट्या खोलीत बसायचं. बहिणीनं हे सांगितलं तेव्हा माझा संताप झाला. व्हिडिओ गेम खेळून कुणी माणसात येतं का? गर्दी खोटी तर धीरही खोटाच मिळणार. पोहायला शिकायला कुणी पाण्याच्या फोटोवर उडी मारत नाही, असंही मी ऐटीत बोललो होतो.

माझ्याकडं एक हुकमी पानही होतं, अल्बर्ट एलिस. कि. मो. फडक्यांमुळं आणि पुढं अंजली जोशींच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळं हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. विवेकनिष्ठ मानसोपचाराचा हा जनक तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर लाजायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायचं असं ठरवलं आणि महिनाभरात शंभरजणींशी बोलला. भेटायला यायचं एकीनंच कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. "बघ," मी भाच्याला म्हणालो, "त्यानं लावला होता का चष्मा?"

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, त्याला कुणी ढकललं नव्हतं. त्याचं त्यानं ठरवलं होतं."

हे उत्तर मला झोंबलं. त्याला खोडून काढायचं म्हणून मी वाचायला बसलो. पहिलंच हाती लागलं ते 1995 चं. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या विद्यार्थ्यांना संगणकानं रेखाटलेल्या पुलांवर, गच्च्यांवर, काचेच्या लिफ्टमध्ये उभं केलं आणि त्यांची भीती उतरली. तेव्हाची चित्रं अगदी ओबडधोबड होती. ठीक आहे, उंचीचं एकवेळ समजू शकतो, मी म्हटलं, माणसांचं काय? तर 2002 मध्ये लंडनला मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी लोकांना कृत्रिम श्रोत्यांपुढं भाषण करायला लावलं होतं. काही श्रोते मान डोलावणारे, काही नुसते बसून राहणारे आणि काही जांभया देणारे, मध्येच उठून जाणारे. समोरची माणसं खोटी आहेत हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तरी नाराज श्रोत्यांपुढं माणसं घाबरली.

इथं मी पहिल्यांदा थबकलो. कारण मला भाच्याची एसटी आठवली. मी त्याला विचारलं, "मोठ्यानं सांगितलं असतंस तर काय झालं असतं, असं वाटायचं तुला?" तो म्हणाला, "सगळी एसटी माझ्याकडं बघेल." सगळी एसटी! त्या गाडीत निम्मी माणसं पेंगत असतात, बाकीची मोबाइलमध्ये असतात. त्याच्याकडं एकटक बघणारी ती एसटी फक्त त्याच्या डोक्यात धावत होती. मी खोट्या गर्दीची टर उडवत होतो आणि पोरगं कसलाही चष्मा न लावता दिवसरात्र खोट्या गर्दीतच राहत होतं. बाईंच्या खोलीत निदान ती गर्दी बाहेर काढून समोर उभी करता येत होती, थांबवता येत होती, पुन्हा सुरू करता येत होती.

तरी हे सगळं डोक्याला पटलं होतं, एवढंच. माझी समजूत अशी, की हा सगळा प्रकार त्याच्यासारख्यांसाठी आहे. माझ्यासारख्याला त्यात काय? बहिणीला बरं नव्हतं म्हणून एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. किर्लोस्करवाडीला कोयना एक्स्प्रेस धरली. गाडीत तो खिडकीशी, कानात इअरफोन. कराड गेल्यावर मी विचारलं, काय ऐकतोस? "काही नाही," तो म्हणाला, "कानात असलं की कुणी बोलायला येत नाही. मॅडमनी हे सोडायला सांगितलंय, अजून सुटलं नाही." मी इतका वेळ त्याला गाण्याचा शौकीन समजत होतो.

बाईंची खोली साधी. फिरती खुर्ची, टेबलावर लॅपटॉप, भिंतीला पंखा. त्यांच्या कामातला मोठा भाग चष्म्याचा नव्हताच, वहीचा होता. भाच्यानं आधी भाकीत लिहायचं, 'आवाज कापेल, तिघंही हसतील', आणि त्यावर किती टक्के विश्वास आहे तो आकडा. मग चष्मा लावून कृत्रिम मुलाखतीला बसायचं. मध्ये मध्ये बाई विचारणार, भीती शून्य ते शंभरमध्ये किती? ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची, खूप जुनी. मुलाखत घेणाऱ्या तिघांना बाई बटणं दाबून हसतमुख करत, कधी घड्याळाकडं बघायला लावत, कधी जांभई द्यायला. एका दुपारी तीच मुलाखत कितीतरी वेळा. खऱ्या जगात एवढ्या मुलाखती कोण देणार, आणि सांगितल्यावर जांभई देणारे तीन साहेब कुठून आणणार? संपलं की वहीत लिहायचं की प्रत्यक्षात काय झालं.

मी कोपऱ्यात बसून बघत होतो. चेहऱ्यावर कौतुक असावं, पण त्यात थोडी कीवही असणार, कारण भाचा एकदम म्हणाला, "मामा, तुम्ही लावून बघा की."

लावला. जड होता, पट्टा कवटीला आवळत होता, फोमला सॅनिटायझरचा वास. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहिली होती, तिच्यातून खाली बाईंच्या खोलीची फरशी आणि माझे मोजे दिसत होते. म्हणजे सगळं खोटं असल्याचा पुरावा डोळ्यांखालीच होता. बाईंनी सभागृह लावलं. शंभरेक माणसं, मेणाची असावीत तशी. मी खुशीत येऊन दोन मिनिटं मराठी भाषेच्या भवितव्यावर बोललो. भीती? शून्य, मी म्हणालो. आता हे लिहिताना त्या 'शून्य'मधला माझा ताठा मला ऐकू येतो.

तेव्हा भाचा बाईंना म्हणाला, "मामांना स्टेज नका देऊ. त्यांना पार्टी लावा."

दृश्य बदललं. एक दिवाणखाना, दोन-दोन तीन-तीन माणसं घोळक्यानं उभी, हातात ग्लास, बोलण्याची कुजबुज. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला इथं काहीच करायचं नाही. विनोद नाही, ओळख करून देणं नाही. त्या तिघांच्या जवळ जाऊन नुसतं उभं राहायचं."

मी हातातलं बटण दाबून जवळ सरकलो. तिघांतल्या एकानं माझ्याकडं पाहिलं आणि परत आपल्या बोलण्याकडं तोंड वळवलं. एवढंच झालं. अपमान नाही, हसणं नाही. पण माझ्या मानेमागं गरम झालं. आपण इथं का उभे आहोत, कुणाचे कोण म्हणून, असं काहीतरी मनात यायला लागलं. वेळ जाता जाईना. चष्मा काढावा, पाणी मागावं, बाईंना काहीतरी विचारावं. मी खालच्या फटीतून माझे मोजे बघत राहिलो.

"किती?" बाईंनी विचारलं.

"वीस-तीस," मी म्हणालो. खोटं बोललो.

त्या थोडं थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, उजवा हात कुठं आहे तुमचा?"

माझा हात हनुवटीखाली होता. बोटं वळलेली, अंगठा वर. माईक धरतात तशी. हातात काहीही नव्हतं.

चष्मा काढल्यावर बोलायला मला वेळ लागला. भाचा हसला नाही, यासाठी मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. हसायचा हक्क त्याचा होता. बायकोचं एक वाक्य मला त्या खुर्चीत आठवलं, जे मी नेहमी थट्टेवारी नेत आलो: "तुमच्याकडं माईक नसला की अक्षता पडल्याबरोबर तुम्ही गाडी काढता." खरं होतं. माईक नसलेल्या लग्नात मी कधी जेवायला थांबलो आहे? निवृत्त झाल्यावर शाळेच्या कार्यक्रमाला नुसता श्रोता म्हणून बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगतो. स्टेज ही माझी धाडसाची जागा नव्हती, लपायची होती. तिथं कुणी मला काही विचारत नाही; बोलायचं काय, थांबायचं कुठं, सगळं माझ्या हातात.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोघांनी 1995 मध्ये या आजाराची जी मांडणी केली तिच्यात हे नेमकं आहे. भ्यालेला माणूस समोरच्यांकडं बघतच नाही, स्वतःकडंच बघत राहतो. आणि काहीतरी बचावाचं धरून ठेवतो. ते धरल्यामुळंच आपण वाचलो असं त्याला वाटतं, म्हणून भीती खरी की खोटी हे त्याला कधी कळतच नाही. भाच्याचा इअरफोन, माझा माईक. फरक एवढाच, की त्याला लोक घुमा म्हणाले आणि मला शाल-श्रीफळ देत राहिले.

मला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. माझी अडचण माझी जेवणं खाते, त्याची नोकऱ्या खात होती. आजार म्हणायचा तो आयुष्य अडतं तेव्हा. पण जातकुळी एकच आहे. आणि ज्या माणसानं स्वतः माईकच्या आड तोंड लपवलं, त्यानंच एका सातवीतल्या मुलाला त्याच माईकपुढं धरून ठेवलं होतं. हे मला आजही नीट गिळता येत नाही. मध्यंतरी त्याच्या बागेत गेलो. छाटणी चालली होती. म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं. तो चपलेकडं बघत म्हणाला, "सर, मला तर आठवत पण नाही." आणि कात्री घेऊन पुढच्या वेलीकडं गेला.

चष्म्याचा मी आता भक्त झालोय असं नाही. त्याची मर्यादा भाच्यानंच दाखवली. त्या दिवाणखान्यातली माणसं गोरी, ग्लास वाइनचे, बोलणं इंग्रजी. "मामा, गोऱ्यांपुढं मला भीती कमीच वाटते," तो म्हणाला. "भावकी पाहिजे." आमच्या भीतीचे डोळे काका-काकूंचे, गल्लीतल्या बायकांचे, सोयरिकीच्या पाहुण्यांचे असतात. हळदी-कुंकवाचं दृश्य, कांदेपोह्यांचा कार्यक्रम, ग्रामसभा हे कुणीतरी इथल्यांनी केलं पाहिजे. 360 अंशांचा कॅमेरा घेऊन चित्रित केलं तरी चालण्यासारखं आहे. काहींना चष्म्यानं मळमळतं. आणि ऑनलाइन मागवून एकट्यानं डोक्याला बांधण्याचा हा प्रकार नव्हे, मागं वही आणि माणूस लागतो. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं चष्म्यातच बोलका मार्गदर्शक बसवून माणसाची गरज कमी केली, कॅफे, दुकान, बस, दवाखान्याची प्रतीक्षाखोली अशी दृश्यं केली आणि 2022 मध्ये 346 गंभीर मनोरुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यातही सोबतीला एक कर्मचारी होताच. ज्याला पुणं परवडत नाही त्यानं सरकारच्या टेलिमानसला, 14416 वर, फोन करावा. अर्थात फोन करणं हीच ज्याची भीती, त्याचं काय, हा प्रश्न राहतोच.

चष्मा खऱ्या जगापेक्षा सरस का? त्याचं उत्तर एकसारखं नाही. अमेरिकेत पेज अँडरसन यांनी 2013 मध्ये 97 जणांवर केलेल्या अभ्यासात चष्म्याचा उपचार आणि गटातला प्रत्यक्ष उपचार सारखेच उतरले, वर्षानंतरही टिकले. कॅनडात स्तेफान बुशार यांच्या 2017 च्या अभ्यासात चष्मा वरचढ ठरला, आणि उपचार करणाऱ्यांना तो सोयीचाही वाटला. मला बरोबरीचा निकालसुद्धा पुरेसा वाटतो. खोट्या गर्दीत मिळालेला धीर खऱ्या गर्दीत चालतो, एवढंच तर मी नाकारत होतो.

भाचा आता एका कारखान्यात लागलाय. मुलाखतीत आवाज कापला, असं तोच सांगतो. भाकीत निम्मं खरं ठरलं; हसलं मात्र कुणी नाही. एसटीत पहिल्यांदा त्यानं फाट्यावर थांबवायला सांगितलं ते इतक्या मोठ्यानं, की कंडक्टर म्हणाला, "अरे, बहिरा आहे का मी?" आणि त्या वेळी खरोखरच सगळी एसटी त्याच्याकडं बघत होती. हे सांगताना तो पोट धरून हसतो.

मलाही बाईंनी घरचा अभ्यास दिला होता. परवाच्या लग्नसराईत भावकीतल्या एका लग्नाचं सूत्रसंचालन मी नाकारलं, घसा बसलाय असं सांगून. खरं कारण सांगायचा धीर अजून आलेला नाही. जेवणाला बुफे होता. पंगतीत निदान जागा ठरलेली असते. इथं ताट हातात धरून कुणाच्या घोळक्यात शिरायचं ते आपलं आपण ठरवायचं. दोन चुलतभावांजवळ जाऊन उभा राहिलो. ते उसाच्या बिलाचं बोलत होते. मी मान हलवत राहिलो.

रात्री भाच्याचा फोन आला. हो, आता तो फोन करतो.

"किती होतं, मामा?"

"साठ. पासष्ट म्हण."

"आणि निघताना?"

"तेवढंच. जिलेबी घ्यायच्या आत निघालो मी."

"मग ते धरायचं नाही. उतरेपर्यंत थांबायचं असतंय," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात अंकलखोपला लग्न आहे, तिथं पुन्हा. आणि या वेळी आधी ताट खाली ठेवायचं."